भांडी बघायला पुण्याला कशाला?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी बांधावर बसून डबा सोडला असेल, कुणी गटाच्या बैठकीला जमला असाल. हात चालू राहू देत, कान तेवढे इकडं द्या. आज मी एका सहलीविषयी बोलणार आहे.

आपले बचत गट वर्षाकाठी एखादी सहल काढतात. गाडी ठरते, वर्गणी ठरते आणि ठिकाण बहुतेक देवाचं ठरतं. आळंदी-देहू, जेजुरी, नाहीतर कोल्हापूर. देवाला जावंच. पण यंदाच्या बैठकीत एक वेगळं नाव सुचवून बघा. म्हणा, एक दिवस पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघू. लगेच कुणीतरी विचारेल, तिथं काय आहे? तुम्ही सांगाल, जुने दिवे आहेत, अडकित्ते आहेत, खवण्या, झारे, फणी-करंड्याच्या पेट्या, जुने दरवाजे आहेत. मग घरातलं कुणीतरी हसत म्हणेल, "भांडीच बघायचीत ना? मग पुण्याला कशाला? माळ्यावर चढा की!"

आमच्या गटालाही हेच ऐकावं लागलं होतं. तरी आम्ही सोळा जणी जाऊन आलो. प्रश्न चेष्टेचा होता, पण तो सोडून देण्यासारखा नाही. घरातलीच भांडी बघायला गाडीभाडं खर्चून कशाला जायचं? आज याच प्रश्नाचं उत्तर देते.

आधी हे संग्रहालय कुणी उभं केलं ते सांगते. दिनकर गंगाधर केळकर हे त्यांचं नाव. त्यांचा जन्म १८९६चा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. साधारण १९२०पासून त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. त्या काळी जुनं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तलवारी, नाणी, राजेरजवाड्यांचे दागिने यायचे. केळकरांनी तसलंही काही जमवलं, पण त्यांचा जीव अडकला तो घरातल्या वस्तूंत. कुणाच्या देव्हाऱ्यातला दिवा, कुणाच्या पानाच्या तबकातला अडकित्ता, कुणाच्या न्हाणीतली वज्री. गावोगाव फिरायचं, जुन्या घरांत जायचं, बाजारात मोडीला आलेलं निवडायचं आणि घरी आणायचं. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. घर चालवून असला नाद सांभाळायचा म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी या संग्रहाला त्याचं नाव दिलं. म्हणून ते 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं की कुण्या राजाचं असेल. ते एका लेकराचं नाव आहे. १९६२ साली संग्रहालय सुरू झालं आणि १९७५ साली केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. १९९० साली ते वारले. आज संग्रहात २०,०००हून जास्त वस्तू आहेत. त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडून ठेवल्या आहेत. बाकीच्यांना जागा पुरत नाही.

आता आत काय बघायचं ते सांगते. सगळं सांगत नाही, नाहीतर तुम्ही जाणारच नाही!

स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी आमच्या बायकांचा पाय हलेना. पुढं दालनंच्या दालनं होती, पण आम्ही खवण्या आणि शेवया पाडायच्या साधनांपुढंच उभ्या. कुणी म्हणाली, अशी आमच्या माहेरी होती. कुणी म्हणाली, आमच्याकडं याला दुसरं नाव आहे. एकाच वस्तूला तीन तालुक्यांतल्या बायकांनी तीन नावं सांगितली. शहाण्या माणसांना पुस्तकात सापडणार नाहीत अशी ती नावं होती.

तिथंच एका कपाटात फणी-करंड्याच्या पेट्या आहेत. झाकण उघडलं की आतल्या बाजूनं आरसा, खाली लहान-लहान कप्पे. आमच्या शेजारी कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. एकीनं दुसरीला विचारलं, एवढ्याशा वाटीत काय ठेवत असतील? आमच्याबरोबर पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "पोरी, त्यात मेण असायचं. आधी कपाळाला मेणाचा ठिपका लावायचा, मग त्यावर कोरडं कुंकू. मेणावर कुंकू धरतं, घामानं पसरत नाही. तुमची ती चिकटवायची टिकली तेव्हा कुठली?" त्या मुलींनी आजींना तिथंच बाजूला बसवलं आणि पुढचा अर्धा तास त्या आजींना एकेक वस्तू विचारत राहिल्या. शाळेची पायरी न चढलेल्या आजी त्या दिवशी कॉलेजच्या पोरींना शिकवत होत्या.

वज्र्या बघा. टाचा घासायची वस्तू ती. खालची बाजू खरबरीत, वरून धरायला मूठ. आता मला सांगा, टाच घासायच्या वस्तूला शोभेची काय गरज? पण या मुठींवर पक्षी आहेत, प्राणी आहेत, माणसं आहेत. अडकित्त्यांचंही तसंच. सुपारी कातरायला दोन पाती आणि मधे एक खिळा एवढं पुरतं. पण कारागिरानं त्याचा घोडा केला, कुठं नवरा-बायकोची जोडी केली, कुठं पक्षी केला. दिव्यांचं तर विचारू नका. समया, निरांजनं, साखळीनं टांगायचे लामणदिवे, कशावर मोर, कशावर पोपट, कशावर हत्ती.

इथं मला पहिलं उत्तर सापडलं. माळ्यावरची खवणी आपण कामाची वस्तू म्हणून बघतो. खोबरं किसलं, धुतली, कोपऱ्यात उभी केली. इथं शंभर वस्तू ओळीनं मांडल्या की कळतं, आपल्या माणसांनी रोजच्या कामाच्या वस्तूसुद्धा नुसत्या कामापुरत्या ठेवल्या नाहीत. घोड्याच्या अडकित्त्यानं सुपारी लवकर फुटत नाही. मोर असला म्हणून दिव्याला तेल कमी लागत नाही. तरी घडवणाऱ्यानं ते कष्ट घेतले आणि विकत घेणाऱ्यानं त्याचे चार पैसे जास्त मोजले. रोज हातात येणारी वस्तू बघायला बरी असावी, एवढीच त्यामागची इच्छा. आणि ही इच्छा वाड्यातल्या श्रीमंतांपुरती नव्हती. आपल्या आज्या फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवायच्या, तेव्हा थंडी वारायला सरळ टाके पुरले असते. पण त्यांनी चारी कडांना ठिगळांची नक्षी जुळवली, टाके ओळीत घातले, कोपऱ्याला वेगळ्या रंगाचं कापड लावलं. भिंतीवरची चित्रं, दारातली रांगोळी, रुखवतातलं मण्यांचं तोरण, ही सगळी त्याच जातीची कला. तिला कुणी कला म्हटलं नाही, कारण ती बायकांच्या फावल्या वेळातली. फावला वेळ! तो कधी असतो ते मला अजून कळलेलं नाही.

वर गेल्यावर मस्तानी महाल आहे. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला वाडा बांधला होता. त्याचे अवशेष आणून केळकरांनी हे दालन उभं केलं. लाकडी खांब, कमानी, छताचं काम बघण्यासारखं आहे. मस्तानीला पेशव्यांच्या घरानं आपलं मानलं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. १७४० साली बाजीराव गेले, त्याच वर्षी तीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. जिला घरात जागा मिळाली नाही तिच्या महालाचं लाकूड तरी कुणीतरी जपून ठेवलं. तिथं उभं राहिल्यावर आमच्यातल्या दोघी-तिघी गप्प झाल्या. कारण कुणी विचारलं नाही.

आता जरा कडू बोलते. संग्रहालयात वस्तूखाली पाटी असते. पाटीवर वस्तूचं नाव, धातू, प्रदेश, काळ असं लिहिलेलं असतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं ती खवणी मांडीखाली घेतली तिचं नाव तिथं नसतं. ज्यानं ती घडवली त्या कारागिराचंही बहुतेक नसतं. हा संग्रहालयाचा दोष म्हणत नाही मी. वस्तू बाजारात येईपर्यंत तिला चिकटलेलं माणूस गळून पडलेलं असतं. नाव टिकतं ते वस्तू घरात असेपर्यंतच, आणि तेही सांगणारी जिवंत असेपर्यंत.

आता आपल्या माळ्यावर चढू. तुमच्या घरातला तांब्याचा हंडा किंवा पितळी घागर हातात घ्या आणि काठाच्या खाली बघा. बारीक ठिपक्यांनी कोरलेलं काहीतरी दिसेल. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नात मामाने दिलेला हंडा, मावशीनं दिलेली परात, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख. कधी गावाचं नावही. आपल्या आज्यांची नावं सातबाऱ्यावर नव्हती. घर त्यांच्या नावावर नव्हतं. शाळेच्या दाखल्यात नव्हती, कारण शाळाच नव्हती. पुष्कळींची तर माहेरची नावंही लग्नात बदलली. पण हंड्यावर नाव होतं. जमिनीच्या कागदावर नसलेली बाई भांड्याच्या काठावर सापडते.

आणि हीच भांडी आपण मोडीत घालतो. किलोवर. तराजूत तांबं किती आणि पितळ किती एवढंच बघितलं जातं. नावासकट सगळं भट्टीत जातं.

थांबा, मी कुणाला बोल लावत नाही. तांब्या-पितळेची भांडी ही बाईची बँकच होती. दुष्काळात, आजारपणात, पोरांच्या फीसाठी ती विकली गेली, आणि त्यासाठीच तर ती होती. सोनं नसलेल्या घरात हंडा हेच सोनं. ज्या बाईला उद्या दवाखान्याचे पैसे भरायचे आहेत तिला मी वारसा जपा असं सांगणार नाही. मी सांगते ते एवढंच, की विकण्याआधी त्याची नोंद करा. हंडा गेला तरी त्यावरचं नाव आपल्याजवळ राहील. आणि हो, विकायचंच तर दारात आलेल्या पहिल्या माणसाला देऊ नका. दोन ठिकाणी वजन करा, दोन ठिकाणी भाव विचारा. पितळेच्या बदल्यात प्लास्टिकचा टब घेऊन खूश होऊ नका.

नोंद कशी करायची ते शेवटी सांगते. आधी संग्रहालयाच्या बाहेर पडू, कारण सहल तिथं संपत नाही. हे संग्रहालय शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्यावर आहे. आजूबाजूचा भाग पायी फिरण्यासारखा आहे, आणि आत बघितलेल्या पुष्कळ गोष्टींचं पुढचं पान बाहेर वाचायला मिळतं.

जवळच मंडई आहे. दगडी, आठकोनी, उंच मनोऱ्याची इमारत. इंग्रजांच्या काळात १८८६ साली ती बांधली आणि त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले त्या काळात काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत व्हायची ती झाली. पुढं त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई असं नाव दिलं गेलं. आपण भाजी पिकवणाऱ्या बायका. आपला माल शहरात कुठं उतरतो, कोण बसून विकतं, हे एकदा डोळ्यांनी बघावं. गाळ्यावर बसलेल्या बायकांशी दोन शब्द बोला. कोथिंबिरीची जुडी आपल्याकडून केवढ्याला गेली आणि इथं केवढ्याला विकते, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

मंडईकडून लक्ष्मी रस्त्याकडं निघालं की तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे या पेशव्यांच्या सुभेदारानं सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इथं रामाचं मंदिर बांधलं. त्याच्या भोवतीचा बाजार म्हणजे बायकांचा बाजार. भांडी, बांगड्या, पूजेचं साहित्य, पोरींची भातुकली. आत काचेच्या कपाटात बघितलेल्या वस्तूंची आजची भावंडं इथं दुकानात टांगलेली दिसतील. आमच्या गटातल्या एकीनं इथून पितळी पुरणयंत्र घेतलं. तुम्हीही घ्या, पण सहलीचे पैसे जपून. तुळशीबागेत गेलेल्या बाईच्या पिशवीचं वजन वाढतं आणि पाकिटाचं कमी होतं.

तिथून जवळच बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा आहे. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ साली तो बांधला. दर्शनी बाजूचं कोरीव लाकूडकाम मान वर करून बघा. वाडा झाला आणि अकरा वर्षांत, १८१८ साली, पेशवाई गेली. त्यानंतर इंग्रजांनी १८२१ साली या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. त्या पाठशाळेचा दरवाजा आपल्यासारख्यांना उघडा नव्हता.

आता तिथून बुधवार पेठेत चला. दगडूशेठ हलवाई गणपतीला तुम्ही जाणारच आहात. दर्शन झालं की मंदिराच्या समोर वळून बघा. तिथं भिडे वाडा होता. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी इथं मुलींची शाळा सुरू केली. विश्रामबागेतल्या पाठशाळेनंतर २७ वर्षांनी आणि चालत काही मिनिटांच्या अंतरावर. सावित्रीबाई साताऱ्याकडच्या नायगावच्या, म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातल्या. तेव्हा त्यांचं वय १७ वर्षं. भिडे वाड्याची जुनी इमारत पार मोडकळीला आली होती. २०२३च्या डिसेंबरमध्ये ती पाडली, तिथं राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. म्हणजे आपल्याला शिकवणाऱ्या बाईची मूळ शाळा आता बघायला मिळत नाही. पेशव्यांच्या वाड्याचं लाकूड उभं आहे, मुलींच्या पहिल्या शाळेच्या भिंती मात्र राहिल्या नाहीत. काय टिकतं आणि काय जातं हे आपोआप ठरत नसतं. कुणीतरी वेळेवर जपलं तर टिकतं.

पायांत बळ उरलं असेल तर कसबा पेठेत तांबट आळीलाही जा. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले तांबट इथं वसले. अजूनही काही घरांत तांब्यावर हातोडीचे ठोके पडतात. भांड्यावर गोल-गोल ठोके दिसतात ना, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेचं नसतं. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं सहजी चेपत नाही. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं तर कळकतं, म्हणून आतून कथलाची कल्हई लावायची. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. आपल्या गावात कल्हईवाला यायचा तेव्हा पोरंटोरं भोवती जमायची. आता तो येत नाही, म्हणून भांडी वापरता येत नाहीत, आणि वापरात नाहीत म्हणून ती मोडीत जातात. तुमच्या बाजारच्या गावी कुणी कल्हई करणारा उरला असेल तर चार गटांची भांडी एकदम गोळा करून त्याला एक दिवस बोलवा. त्याचं पोट भरेल आणि तुमची भांडी चुलीवर चढतील.

आता जाण्याचं सांगते. एसटीनं स्वारगेटला उतरा. स्वारगेटहून मेट्रोनं मंडई स्टेशन पहिलंच आहे. ही भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाली. ज्यांनी मेट्रो बघितली नाही त्यांची तीही हौस भागेल. सरकते जिने आहेत, घाबरू नका, पदर आणि नऊवारीचा घोळ तेवढा सांभाळा. मंडईहून संग्रहालय चालत जाण्याइतकं आहे. तिकीट किती, वेळ काय, सुट्टी कधी, हे निघण्याआधी फोन करून विचारा. गटानं येतोय म्हणून आधी सांगा. आत जिने चढावे लागतात, म्हणून गुडघे दुखणाऱ्या बायकांना घाई करू नका. फोटो काढायचे तर आधी परवानगी विचारा. सकाळी आधी संग्रहालय करा, डोकं ताजं असतं. बाजार दुपारनंतर. आधी तुळशीबागेत गेलात तर संग्रहालय राहिलंच म्हणून समजा.

आणि म्हाताऱ्या बायकांना बरोबर न्या. त्यांना चालवत नाही म्हणून घरी ठेवू नका. त्या नसत्या तर आम्हाला निम्म्या वस्तू कळल्या नसत्या.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी एक दुसरी वही करा. तिला 'माळ्याची वही' म्हणा. आठवड्याला एकीच्या घरी जायचं, तिच्या माळ्यावरची, कोठीतली, परसातली एकेक जुनी वस्तू खाली काढायची आणि पुसून मधे ठेवायची. मग लिहायचं. वस्तूचं नाव, आपल्या गावात म्हणतात तेच. पुस्तकी नाव नको. ती कशासाठी वापरायची आणि कशी. ती घरात कुणी आणली, कुठून, कुणाच्या लग्नात. कुणी घडवली ठाऊक असेल तर त्या तांबटाचं, सुताराचं, कुंभाराचं, बुरुडाचं नाव. काठावर नाव कोरलेलं असेल तर जसंच्या तसं उतरवायचं. आणि कुणी वापरली, तिचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. मोबाईलवर दोन फोटो, एक सगळ्या वस्तूचा, एक कोरलेल्या नावाचा. लिहिता येत नसेल तर शाळेतली नात लिहील. तिला शुद्धलेखनापेक्षा चांगला अभ्यास होईल.

नुसत्या धातूच्या वस्तू धरू नका. जातं, उखळ, मुसळ, सूप, रोळी, काठवट, गोधडी, सगळं घ्या. मापं घ्या. चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तुमच्या सासूबाईंना पाठ असेल. तुमच्या मुलीला विचारून बघा. पायलीचं भांडं माळ्यावर आहे, पण तिचा हिशेब एका म्हातारीच्या डोक्यात आहे. भांडं दहा वर्षांनी काढलं तरी चालेल. म्हातारी थांबणार नाही.

म्हणून लिहिण्याबरोबर बोलणंही धरून ठेवा. आजीला जात्यापाशी बसवा, कुंकवाच्या करंड्यापाशी बसवा आणि विचारा, हे कसं वापरायचीस? मोबाईलवर तिचा आवाज घ्या. घेतलेला आवाज आपल्या या केंद्रावर घेऊन या, आपण तो लावू. तुमच्या गावच्या वस्तूची गोष्ट तुमच्याच गावच्या बाईच्या तोंडून सगळ्या गावांना ऐकू येईल.

तर मैत्रिणींनो, "भांडी बघायला पुण्याला कशाला?" असं कुणी विचारलं तर त्यांना सांगा, माळ्यावरची भांडी आम्हाला दिसतच नव्हती. तिथं मांडलेली बघितली तेव्हा इथली दिसायला लागली. आणि असं विचारणाऱ्याला एक काम लावा. म्हणावं, शिडी धरा, आम्ही माळ्यावर चढतो.

पुढच्या वेळी भेटूच. तोवर तुमच्या वहीत पहिली वस्तू कुठली आली, ते केंद्रावर कळवा. नमस्कार.